नहपानाच्या पाठीवरचा बाण

१

"ह्यो माझा देव नाय," असं म्हणून आवडाबाईंनी तळहातावरचं चांदीचं नाणं टेबलावर ठेवून दिलं.

चंपाषष्ठीचा दिवस होता. औरंगपुऱ्याजवळच्या एका जुन्या कॉलेजच्या नाणेघरात आवडाबाई दर चंपाषष्ठीला वैजापूरहून येतात, ते नाणं हातात घेतात, कपाळाला लावतात आणि परत देतात. नाणं त्यांच्या सासऱ्यांना शेतात नांगरताना सापडलं होतं. त्यावरचा चेहरा त्यांना खंडोबाचा वाटला. मग ते टाक म्हणून देवघरात बसलं, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर भंडारा उधळला गेला. पुढे आवडाबाईंनी ते कॉलेजला दिलं, पण वर्षातून एकदा दर्शनाची अट घालूनच.

तो चेहरा खंडोबाचा नाही, नहपान नावाच्या राजाचा आहे, हे त्यांना प्राध्यापक सर्जेराव यांनी किती वेळा समजावलं होतं. एकोणीसशे वर्षांपूर्वी या भागावर राज्य करणारा हा माणूस स्वतःला क्षत्रप म्हणवायचा, आणि ती पदवी इराणातून आलेली. चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं. पाठीमागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. तीन मुलखांचा संसार एका चांदीच्या टिकलीवर मांडलेला. आवडाबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, असंल राजा, आमच्या घरी त्यो देव व्हता.

त्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकून सगळे हसले. कॉलेजचे सचिव नानासाहेब हसले, सर्जेराव सर हसले, आवडाबाईंचा नातू माऊलीही ओशाळून हसला. हसली नाही ती फक्त करुणा साळवे. नाणेघराचा ताबा तिच्याकडे होता आणि सर्जेराव सरांच्या मार्गदर्शनाखाली तिची पीएच.डी. चालू होती. तिनं नाणं उचललं, एकदा पालटलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजी बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "हे आपलं नाणं नाही."

२

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांचा मला फोन आला. मी मुक्ता खरात. विमा कंपनीत जन्म काढला. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक आणि पाय मोडलेल्या म्हशी तपासता तपासता माणूस खोटं कसं बोलतो एवढं मात्र शिकले. नानासाहेबांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आगीचा दावा मीच फेटाळला होता. तेव्हापासून ते मला समोर शिव्या देतात आणि अडचणीत माझंच नाव काढतात.

त्यांना पोलिस नको होते. पुढच्या महिन्यात कॉलेजात सर्जेराव सरांचा गौरव होता, आणि नाशिकचे एक तज्ज्ञ ते नाणं हातात घेऊन पाहायला येणार होते. सरांचं सगळं नाव त्या एका नाण्यावर उभं होतं. पैठणच्या टांकसाळीत खरा यवन, म्हणजे ग्रीक, कारागीर काम करत होता, असं त्यांनी आपल्या पुस्तकात सिद्ध केलं होतं, आणि त्या कारागिराच्या हाताचा पुरावा म्हणजे हे नाणं.

"शनिवारी मंडळाची बैठक आहे," नानासाहेब म्हणाले. "तोवर नाणं नाही आलं, तर माझा नाइलाज आहे. कपाटाच्या दोनच चाव्या. एक माझ्या तिजोरीत, एक त्या पोरीकडे. तक्रार तिच्या नावानंच जाईल."

आळ कुणावर ठेवायचा हे आपल्याकडे फार डोकं न चालवता ठरतं. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांतून आलेली, अजून कायम न झालेली मुलगी समोर असताना नानासाहेबांनी स्वतःच्या तिजोरीकडे बघायचं तरी कशाला. मी तसं बोलले नाही. नाणं तेवढं मागून घेतलं.

आधी गेले सराफ्यात, सुदर्शन सोनाराकडे. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, कड निरखली आणि हसला. चांदी नवी होती. पुढचा आणि मागचा असे दोन पातळ पापुद्रे वेगवेगळे ओतून एकमेकांना जोडले होते आणि कड घासून सांधा बुजवला होता. काम करणारा बरा ओतारी होता, पण घाईत होता.

मग करुणाला भेटले. ती नाणेघरातच होती. कपाटाला आता नानासाहेबांचं कुलूप लागलं होतं आणि ही बाहेर बाकावर बसून होती. घाबरलेली होती, पण रडत नव्हती, आणि मला ते आवडलं. नाणं पालटताच तिला कसं कळलं, ते मी विचारलं.

"ताई, खऱ्या नाण्यात चेहरा सरळ धरायचा आणि पुस्तकाचं पान उलटतात तसं नाणं उलटायचं. बाण तिरका येतो. हातानं ठोकलेली नाणी असतात ना, वरचा ठसा आणि खालचा ठसा एका रेषेत येतोच असं नाही. ह्यात बघा, बाण एकदम ताठ उभा आहे."

मी पालटून पाहिलं. बाण ताठ उभा होता.

गेल्या वर्षभरात नाण्याला हात कुणी लावला, असं मी विचारलं. तिनं जरा विचार केला आणि सांगितलं, तिच्याशिवाय कुणीच नाही.

हे उत्तर तिच्या गळ्याचा फास होतं, आणि तिनं ते स्वतःच्या हातानं घट्ट केलं होतं.

३

माऊली शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. सुट्टी झाल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर त्याला गाठलं. नाणं विकायचं त्याच्या मनात होतं, हे त्यानं लपवलं नाही. कुठल्या तरी दलालानं मोठी रक्कम बोलली होती आणि आजीनं ती धुडकावून देव कॉलेजला दिला होता. तेव्हा आजी-नातवात लई वाजलं, असं तो म्हणाला.

"पण म्याडम, चोरायचंच असतं तर घरातच व्हतं की इतकी वर्षं. कपाट कशाला फोडू? आन आजीला कसं फसवू? तिनं रोज आंघोळ घातलीय त्याला."

पोरगा तापट होता, पण बोलण्यात तथ्य होतं. शिवाय बनावट करणाऱ्या हातानं बाण ताठ उभा का केला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. ज्यानं खरं नाणं हातात धरलंय, तो अशी चूक करणार नाही. मग करणारा कोण? ज्यानं नाणं हातात घेतलंच नाही, फक्त त्याचे फोटो बघितलेत तो. पुस्तकात दोन्ही बाजू शेजारी शेजारी, सरळ छापलेल्या असतात. कोणती बाजू कुणाच्या मानानं किती कलली आहे, ते फोटोत कळायची सोयच नाही. म्हणजे करुणा सुटली. आणि संशय गेला तो मूळ फोटो ज्याच्याकडे असणार त्या फोटोग्राफरवर.

फोटोग्राफर शिवराजचा स्टुडिओ निराला बाजारात आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी जुन्या नाण्यांच्या नकला बनवायचं कामही तो करतो, हे कळल्यावर तर मला वाटलं गाडी फलाटाला लागली. मी नाणं पुढे ठेवताच त्याला घाम फुटला.

"देखो म्याडम, मी नकली बनवतो ते रेझिनचं. सोनेरी रंग मारलेलं, पोरं गळ्यात अडकवून नाचतात ते. चांदीला आपुन हात नाय लावत." मग त्यानं वैजापूरची हकीकत सांगितली. सर पुस्तक लिहीत होते तेव्हा त्याला घेऊन आवडाबाईंच्या घरी गेले होते. आवडाबाईंनी कुणालाच देवाला हात लावू दिला नाही, सरांनाही नाही. चेहऱ्याचा फोटो झाला. पाठीचा फोटो म्हटल्यावर त्या उखडल्या, कारण देव पालथा घालायचा नसतो. शेवटी त्यांनीच भंडाऱ्याच्या ताटलीत नाणं कडेवर उभं केलं, तांब्याला टेकवलं आणि मागून काढ म्हणाल्या.

"मग बाण तिरका आला असेल," मी म्हटलं.

"आला की. मीच फिरवून सरळ केला. फोटोग्राफर आहे मी, वाकडी फ्रेम छापायला देऊ का?"

त्यानं सहज सांगितलेल्या त्या गोष्टीनं माझ्या हातातला आरोपी माझ्या डोळ्यांदेखत निसटला होता.

४

कारण शिवराजला बाण तिरका आहे हे ठाऊक होतं. त्यानं बनावट केली असती तर बाण तिरकाच ठेवला असता.

मग राहिले पुस्तकातला फोटो बघणारे लोक, म्हणजे अर्धा महाराष्ट्र. मी शिवराजकडून पुस्तकाची प्रत घेतली आणि पैठण गेटजवळच्या एका हॉटेलात चहा मागवून बसले. एका हातात फोटो, एका हातात बनावट नाणं. चहा निवून गेला.

फोटोत राजाच्या मानेमागची अक्षरं दिसत नव्हती. तिथे भंडारा लिंपलेला होता, वर्षानुवर्षांचा, घट्ट बसलेला. आणि माझ्या हातातल्या बनावट नाण्यावर नेमकी तीच अक्षरं स्पष्ट उमटली होती. एकूण एक रेघ.

म्हणजे फोटोवरून हे काम झालंच नव्हतं. साचा खऱ्या नाण्यावरून घेतला होता, आणि तोही नाणं कॉलेजात येऊन त्यावरचा भंडारा साफ झाल्यानंतर. करणाऱ्यानं खरं नाणं हातात धरलं होतं. बाण तिरका आहे हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं. तरीही दोन पापुद्रे जोडताना त्यानं बाण मुद्दाम ताठ उभा केला होता.

चोर असं कधीच करत नाही. चोराला खऱ्यासारखं खोटं हवं असतं. हे खोटं तर खऱ्यापेक्षा वेगळं होतं, आणि जाणूनबुजून वेगळं होतं. मग ते कशासारखं होतं? मी पुस्तकाचं ते पान पुन्हा काढलं. सरांनी लिहिलं होतं: इतर नाण्यांच्या दोन बाजू वाटेल तशा कललेल्या असतात, परंतु या नाण्याच्या दोन्ही बाजू अचूक एका रेषेत आहेत. अशी शिस्त फक्त ग्रीक टांकसाळीत शिकलेल्या हातालाच असू शकते.

विम्यात एवढी वर्षं काढली, पण कुंपणानंच शेत खाल्लेलं पाहिलं की अजूनही माझं पित्त खवळतं. मी रिक्षा केली आणि थेट कॉलेज गाठलं. करुणा त्याच बाकावर होती.

"तू म्हणालीस, नाण्याला तुझ्याशिवाय कुणी हात लावला नाही. सर्जेराव सरांनी?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर यायचे ना, ताई. दिवाळीच्या आधी दोन-तीनदा आले. खिडकीशी बसून नाणं बघायचे. मी त्यांच्यासाठी चहा आणायला जायचे. पण तुम्ही विचारलंत कुणी हात लावला. सर म्हणजे 'कुणी' का?"

एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोललो ते तिला स्वतःलाच ऐकू आलं असावं.

५

सर सिडकोत राहतात. मी एकटी जाणार होते, पण करुणा ऐकेना. वाटेत ती एवढंच म्हणाली की तिच्या प्रबंधाचं नाण्यावरचं प्रकरण चार महिन्यांपासून सरांकडे पडून आहे. त्यात तिनं बाण तिरका असल्याचं लिहिलं होतं. सरांना वाईट वाटू नये म्हणून पुस्तकाचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

सरांनी आम्हाला आदरानं बसवलं. पांढरा सदरा, मृदू बोलणं, भिंतीला टेकून पुस्तकंच पुस्तकं. करुणा मला मुलीसारखी आहे, तिच्यासाठी मंडळापुढे शब्द टाकेन, असंही म्हणाले. माझा राग अनावर होत होता. मी बनावट नाणं त्यांच्यापुढे ठेवलं.

"सर, हे ज्यानं केलं त्याला पैसे नको होते. पैसे हवे असते तर बाण तिरकाच ठेवला असता, म्हणजे कुणाला शंका आली नसती. ह्याला आपलं पुस्तक खरं करायचं होतं. नाशिकचे तज्ज्ञ नाणं पालटणार, बाण तिरका येणार, आणि सगळ्या सभेपुढे तुमचा यवन कारागीर पैठण सोडून पळणार. फोटो शिवराजनं फिरवला होता. तुम्ही नाणं हातात न घेताच लिहिलं. खरं नाणं कुठे आहे?"

ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. माझी सगळी तयारी त्यासाठीच होती. पण सर उठले, कपाटातून औषधाची एक रिकामी डबी काढली आणि कापसात गुंडाळलेलं नाणं करुणापुढे ठेवलं. तिच्या पुढे ठेवलं, माझ्या नाही.

"वितळवायला नेलं होतं," ते म्हणाले. "हात धजला नाही."

मग सगळं बोलले. देणगीत नाणं आलं त्या दिवशी त्यांनी ते पहिल्यांदा पालटलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हाच सांगितलं असतं तर दोन ओळींची दुरुस्ती होती. पण पुस्तकाला मान मिळाला होता, इतरांनी त्याचे दाखले दिले होते. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्यांचे जावई दातांचे डॉक्टर आहेत. दातांचा साचा घ्यायचा लगदा त्यांच्याकडूनच आणला. करुणा चहाला गेली की एक बाजू, पुढच्या खेपेला दुसरी. परगावच्या एका ओताऱ्याला बाण ताठ बसवायला सांगून घाईनं नाणं ओतून घेतलं. अदलाबदल झाली तीही चहाच्याच वेळी.

"कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं," सर म्हणाले. "कुणाचं नुकसान होणार नव्हतं."

"आजींनी ओळखल्यावर?" करुणानं विचारलं. "नानासाहेब माझं नाव घेत होते, सर. तुम्ही तिथंच बसला होतात."

त्यावर सरांनी एक वाट सुचवली. खरं नाणं कपाटाच्या खणामागे सापडलं म्हणायचं. बनावट नाणं म्हणजे स्नेहसंमेलनाची नक्कल, चुकून डबीत गेलेली. नानासाहेबांना तेच हवं होतं. ते प्रकरण मिटवतील, करुणावरचा चोरीचा आळ जाईल, आणि तिची पीएच.डी. ते स्वतः महिन्याभरात पुरी करून देतील.

हा सौदा तिच्यापुढे होता, माझ्यापुढे नव्हता. खरं सांगायचं तर, तिनं तो घेतला असता तरी मी तिला बोल लावला नसता. घरात कमावती ती एकटीच.

तिनं नाणं कापसातून काढलं, बोटांच्या चिमटीत धरून एकदा पालटलं आणि परत ठेवलं.

"मग मी निष्काळजी ठरते, सर. आणि प्रबंधात मला बाण सरळ लिहावा लागेल."

"करुणा, माझी चाळीस वर्षं आहेत ह्यात."

"तुमची झालीत, सर. माझी अजून सुरू व्हायचीत."

ती उठली. नाणं तिनं घेतलं नाही. ज्यानं नेलं त्यानंच ते परत आणावं, एवढं बोलून ती जिना उतरली. मी तिच्या मागोमाग निघाले, पण नाणं मागे ठेवून जायला माझं मन तयार नव्हतं. शनिवारपर्यंत त्या डबीचं काय होईल, कुणी सांगावं. त्यांचा हात एकदा धजला नव्हता, दुसऱ्यांदा धजला तर? मी परत फिरून दार वाजवणार होते. करुणानं माझा हात धरला आणि नको म्हणाली.

६

शनिवारी मंडळाची बैठक भरली तेव्हा सरांची खुर्ची रिकामी होती.

नानासाहेबांनी तक्रारीचा मसुदा पुढे ओढला. मी उठून जे कळलं ते सांगितलं, पण हातात नाणं नव्हतं, आणि नाण्याविना माझं बोलणं म्हणजे एका थोर माणसावर चिखलफेक. नानासाहेबांनी तसं बोलूनही दाखवलं. खालच्या आवाजात ते मला म्हणाले, "खरात मॅडम, माझी आग खोटी ठरवली तेव्हा तुमच्याकडे राखेचा पुरावा होता. आज काय आहे?" करुणा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. मला तिचा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

नानासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं तेवढ्यात दार उघडलं. सर आले होते. दोन दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा होतो म्हणतात, ते मी तेव्हा पाहिलं. ते आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. नानासाहेबांनी काही विचारायच्या आत टेबलाशी उभे राहिले, डबी उघडली आणि नाणं वर धरलं.

"हे खरं नाणं. मी नेलं होतं," ते म्हणाले. "साळवे बाईंचा ह्यात काही संबंध नाही."

नानासाहेबांचं पेन हवेतच राहिलं. कुणीतरी म्हणालं, सर, तुम्ही बसा आधी, पाणी घ्या. त्यांनी मान हलवली. आपण काय केलं आणि का केलं ते त्यांनी उभ्यानंच सांगितलं, स्वतःला कुठेही न सोडता. मग राजाचा चेहरा सगळ्यांकडे करून त्यांनी नाणं सरळ धरलं.

त्यांनी पान उलटावं तसं नाणं उलटलं. बाण तिरका होता.

चाळीस वर्षं वर्गापुढे उभं राहिलेल्या माणसाच्या सवयीनं त्यांनी मान उंचावून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"मागच्यांना दिसला का?" त्यांनी विचारलं.

करुणाचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"दिसला, सर."